तेलाच्या डब्यातला मुका भार

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकू माझ्या दुकानाच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि पोळ्यापर्यंत खोली खाली कर म्हणाल्या. मी एका अॅम्प्लिफायरचं झाकण उघडून बसले होते. मान वर न करता विचारलं, "काहून?"

"काहून म्हंते. सारी गल्ली बहिरी झाली, अन् हे विचारते काहून."

तक्रार खरी होती, हे आधीच सांगून टाकते. अकोल्याच्या जुन्या कापूस बाजारामागे एका अरुंद गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. मांडववाल्यांचे, भजनी मंडळांचे, सभांना भाड्याने जाणारे मोठे अॅम्प्लिफायर माझ्याकडे येत. जळालेले ट्रान्झिस्टर बदलणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम त्यानंतरचं. दुरुस्त केलेला संच पूर्ण जोरात अर्धा तास चालवल्याशिवाय तो टिकेल की नाही ते कळत नाही. हळू आवाजात अर्धमेला संचही गातो. पूर्ण जोर द्यायचा तर त्याला कर्णे जोडावे लागतात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत अडीचशे वॅटचे कर्णे वाजले की समोरच्या घरातली भांडी फळीवर सरकतात. गणपती तोंडावर आले होते. माझ्या रॅकवर नऊ संच होते. म्हणजे रोज नऊ वेळा गल्लीचा जीव जात होता.

खोली गेली तर काम जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवरा जिनिंग फॅक्टरीत फिटर. तो म्हणाला, बायपासला एक गाळा रिकामा आहे, तिकडे जा, तिकडे कितीही ओरड. तिकडे मी एकटी बाई वीस-वीस किलोचे संच उतरवून घेत बसणार, दोन पोरांचं जेवण कोण बघणार, आणि गिऱ्हाईक तरी तिकडे कशाला येणार? इथे माझी चूल दुकानापासून बारा पावलांवर होती. हे दुकान उभं करायला मला सहा वर्षं लागली होती. पहिल्या वर्षी लोक संच आणायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणायची, बसा, मिस्त्री आलेच, आणि स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची. आता तेच लोक अमरावतीहूनही संच पाठवत होते. मी जाणार नव्हते.

दोन दिवसांनी समोरचे गुरुजी तक्रारीचा कागद घेऊन आले. शाळेत इतिहास शिकवायचे. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या त्यांनी गोळा केल्या होत्या. कागदात लिहिलं होतं की ही गल्ली पिढ्यान् पिढ्या शांत आहे आणि एका बाईच्या धंद्यामुळे तिची शांतता भंगली आहे. माझा माथा तिथे फिरला. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, तुम्हीच पोरांना सांगता ना की अमेरिकेत लढाई पेटली तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला आणि या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागायची? तेव्हा बैल, गाडीवान, दलाल, तोलारी सगळे काय तोंडाला पट्टी बांधून उभे राहत होते? तुमच्या घराची मागची भिंत ही त्या वेळच्या कापसाच्या गोदामाची भिंत आहे. त्या गोंगाटावर ही गल्ली बसली आणि माझ्या नऊ संचांनी तिची शांतता भंगली होय?

गुरुजी म्हणाले, "ते पीक होतं, ताई. हा नुसता आवाज आहे."

उत्तर चांगलं होतं म्हणून मला जास्त राग आला. त्यांची मुलगी बारावीला होती. सही तिचीही होती. ती सही बघून मात्र मी कागद ठेवून घेतला.

अमरावतीला आयटीआयमध्ये मी रेडिओचा कोर्स केला तेव्हा वर्गात मुलगी एकटी मीच होते. वलगावहून रोज यायची. तिथल्या निदेशकांनी शिकवलेली एक गोष्ट मला आठवली. अॅम्प्लिफायरला पुढे काय जोडलं आहे ते समजत नाही. त्याला आठ ओहमचा भार हवा असतो. पुढे कर्णा असेल तर त्याच्या शक्तीतला काही भाग आवाज होतो. पुढे नुसता रेझिस्टर असेल तर सगळी शक्ती उष्णता होते, आणि त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. संच मात्र तेवढंच राबतो. म्हणजे कर्ण्यांच्या जागी रेझिस्टर लावले की माझी चाचणी मुकी होणार होती.

माझ्याकडे चिनी मातीच्या नळीवर तार गुंडाळलेले आठ ओहमचे चार रेझिस्टर होते, प्रत्येकी वीस वॅटचे. दोन-दोनाच्या जोड्या करून चारी मिळून पुन्हा आठ ओहमच होतात, आणि सगळे मिळून ऐंशी वॅट सोसतात. संच होता अडीचशेचा. मला हिशेब येत नव्हता असं नाही. मला वाटलं, थोडा वेळ तर चालतील. सहाव्या मिनिटाला त्यांच्यावरचा रंग काळा पडला, सातव्याला धूर निघाला आणि एकाची तार तुटली. मोठे रेझिस्टर मुंबईहून मागवावे लागत. ते येईपर्यंत पोळा होऊन बैल घरी गेले असते.

तेलाची कल्पना मला खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून सुचली. तो तेलाने भरलेला असतो हे लहान पोरालाही माहीत असतं, कारण कधी तो गळतो आणि खाली काळा डाग पडतो. रेझिस्टर जळतो तो उष्णतेने. आणि हवा त्याच्या अंगावरची उष्णता फार सावकाश काढते. तेल तीच उष्णता पटकन ओढून घेतं. म्हटलं, रेझिस्टर तेलात बुडवू.

इथे मी चूक केली. तेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच तेल आलं, सरकीचं. अकोल्यात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? दोन गल्ल्या सोडून तेलाची मिल होती. तिथून पत्र्याचा डबा भरून कच्चं, काळपट तेल आणलं, बाजारातून तसलेच वीस वॅटचे नवे चार रेझिस्टर घेतले, तारेला टांगून आत सोडले आणि संच चालू केला. दहा मिनिटं सगळं छान चाललं. मग डब्यातून तडतड ऐकू यायला लागली. कच्च्या तेलात पाणी होतं, गाळ होता. ते पाणी गरम नळीला लागून फुटत होतं. वर फेस आला, आणि गल्लीभर तळणाचा वास सुटला.

गुरुजींच्या मंडळी खिडकीतून म्हणाल्या, "काय व, भजे तळून राहिली काय दुकानात?"

"हो," मी म्हटलं, "गल्लीले जेवू घालतो म्हटलं, मंग सही मागे घ्याल."

सगळी खिडकी हसली. मी संच बंद केला. ते तेल मी एका गाडीवानाला आखाला लावायला देऊन टाकलं. रेझिस्टर काढले तर त्यांच्यावर चिकट, तपकिरी पापुद्रा बसला होता. रॉकेलने घासून काढायला दुपार गेली. काकू येता-जाता बघत होत्या. पोळ्याला पंधरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोने अमरावती गाठली. आयटीआयमधला माझा एक वर्गमित्र तिथे जळालेल्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. मी सरकीच्या तेलाची हकिकत सांगितली तेव्हा तो हातातली तार खाली ठेवून पोट धरून हसला.

"मीठ-तिखट टाकलं होतं की नाई?"

हसून झाल्यावर त्याने मला नीट समजावलं. ट्रान्सफॉर्मरचं तेल कोरडं असतं, गाळलेलं असतं, त्यातून वीज इकडची तिकडे जात नाही आणि वर्षानुवर्षं घट्ट होत नाही. रेझिस्टर आडवे ठेवू नको, उभे टांग. नळीला लागून गरम झालेलं तेल वर जातं, गार तेल खालून त्याच्या जागी येतं, आणि असं ते आपलं आपण फिरत राहतं. रेझिस्टर तळाला टेकू देऊ नको. डबा गच्च बंद करू नको, तेल गरम झालं की फुगतं. हे सगळं मला पटलं. पण त्याने आणखी एक सांगितलं जे मी सोयीने विसरले होते.

"तेल काही उष्णता खात नाही. रेझिस्टरपासून डब्यापर्यंत नेऊन पोचवते फक्त. पुढं हवेनंच काढायची असते ते. म्हून वीसचा साठ कर, पण अर्ध्या तासावर चालवू नको. मंग गार होऊ दे."

म्हणजे प्रत्येक रेझिस्टरला तिप्पट भार, पण ठरावीक वेळ. मला अर्धा तासच हवा होता.

त्याने दिलेला तेलाचा डबा घेऊन मी एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, तेल चालत नाही, उतरवा. मी म्हटलं, डब्याचं तोंड झाळून बंद आहे, तो माझ्या पायात राहील, माझ्या पायाखालची जागा माझ्या तिकिटात येते. त्याने वाद घातला, मी बसून राहिले. मूर्तिजापूरपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर त्याने विचारलं की त्याच्या घरचा रेडिओ गुरगुरतो त्याचं काय करावं. कपॅसिटर गेला असेल, घेऊन या म्हटलं.

नव्या तेलात रेझिस्टर टांगले. वायर कोणती लावावी यावर मी विचार केला, आणि तोच विचार मला नडला. प्लास्टिकची वायर गरम तेलात मऊ पडते, म्हणून मी इस्त्रीची जुनी वायर घेतली. तिच्यावर सुती धाग्याची वेणी असते, ती उष्णतेला दाद देत नाही. वायरी डब्याच्या काठावरून बाहेर काढून संचाला जोडल्या. शंभर वॅटवर दोन दिवस चाचण्या घेतल्या. तेल कोमट व्हायचं, रेझिस्टर शाबूत राहायचे, गल्लीत चिडीचूप. मी मनातल्या मनात काकूंशी भांडून घेतलं आणि जिंकलेही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या ओरडण्याने मी चूल सोडून धावले. दुकानाच्या शहाबादी फरशीवर हातभर रुंद तेल पसरलं होतं. डबा उभा होता. कुठे भोक नव्हतं. टेबलावरून तेल खाली गळत होतं आणि संचाच्या मागच्या बाजूला जिथे वायरी जोडल्या होत्या तिथे तेलाचे थेंब लोंबत होते. मी डब्याच्या सगळ्या कडा चाचपल्या. सांधे कोरडे होते. मला काही समजेना.

काकूंच्या मांडीवरच्या परडीत कापूस होता. त्या देवळासाठी वाती वळायच्या, दिवसभर, बोलतानाही, भांडतानाही. परडी घेऊनच त्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

"वायरीले सूत गुंडाळलं अन् तेलात सोडलं," त्या म्हणाल्या. "त्याची वातच झाली ना, बाई. मंग तेल चढन नाई तं काय करन?"

मी वायर हातात धरली. सुती वेणी टोकापासून टोकापर्यंत भिजलेली होती. तेल तिच्यातून काठावर चढलं होतं आणि पलीकडून उतरत सरळ संचात गेलं होतं. मी स्वतः रोज संध्याकाळी देवापुढे वात लावत होते. कापसाच्या मुलखात जन्मलेली, कापसाच्या फॅक्टरीतल्या माणसाशी लग्न केलेली बाई, आणि एवढं दिसलं नाही. मी काकूंचे आभार मानले नाहीत. त्या वेळी मला ते जमण्यासारखं नव्हतं. मी लाकडाचा भुसा आणून फरशी पुसली, सोड्याने दोनदा धुतली, आणि त्या शेवटपर्यंत बसून कुठे डाग राहिला ते बोटाने दाखवत राहिल्या.

"इकडं पाय. इथं हाये अजून."

उपाय अर्ध्या दिवसाचा होता. बॅकेलाइटची एक पट्टी कापून डब्याच्या झाकणाला बसवली, तिच्यातून पितळेचे दोन बोल्ट आरपार नेले. आतल्या बाजूला बोल्टपासून रेझिस्टरपर्यंत तांब्याची उघडी, जाड तार. बाहेरच्या बाजूला बोल्टला साधी वायर. पितळेतून तेल चढत नाही. झाकणाला हवेसाठी एक भोक ठेवलं, त्यात दूध तापवतानाचं थर्मामीटर उभं केलं. बुडाला दोन विटा दिल्या, म्हणजे खालूनही हवा लागेल. भिजलेला संच उघडून, पुसून, वाळवून पुन्हा जोडला. तो अमरावतीच्या एका मांडववाल्याचा होता, आणि तो पोळ्याच्या आदल्या दिवशी न्यायला येणार होता.

तो आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. थोड्याच वेळात काकूही आल्या, खोली कधी रिकामी होते ते विचारायला, आणि त्यांच्यामागे गुरुजी. मला तिघांना तीनदा सांगायचं नव्हतं. म्हटलं, या, बसा. संच चालू केला, एका छोट्या यंत्रातून त्याला एकसारखा सूर दिला, आणि भारावर किती व्होल्ट पडतात ते मीटरवर बघत आवाजाची कळ वर नेली. काटा पंचेचाळिसाला आला. आठ ओहमवर पंचेचाळीस म्हणजे अडीचशे वॅट. घड्याळ बघितलं.

मांडववाला अस्वस्थ होता. कर्णे कुठे आहेत ते विचारत होता. त्याला असं वाटत होतं की मी त्याला काही तरी गंडवते आहे.

"आवाज आयकल्याबिगर मी संच कसा नेऊ, ताई? उद्या मांडवात बंद पडला तं लोक मले धरतीन."

मी त्याला सांगितलं की आवाज ऐकून संच चांगला आहे हे कळत नाही, फक्त वाजतो हे कळतं. मागच्या वर्षी दुसऱ्या मिस्त्रीने त्याला हाच संच वाजवून दाखवला होता आणि तो दुसऱ्या दिवशी जळाला होता. इथे तो त्याच्या मांडवात कधी राबणार नाही एवढा राबतो आहे. मांडवात सूर वर-खाली होतो, मध्ये मध्ये श्वास मिळतो. इथे श्वास नाही. पटत नसेल तर हात लावून बघा. त्याने डब्याच्या पत्र्याला तळवा लावला, थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. मग संचाच्या मागच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना लावला आणि लगेच झटकला.

गुरुजी डब्याजवळ वाकून कान लावत होते. म्हणाले, अगदी बारीक काही तरी येतं, मच्छरासारखं. मी म्हटलं, ते संचातल्या ट्रान्सफॉर्मरचं गाणं आहे, तेवढ्याची तक्रार लिहायची असेल तर कागद देते.

थर्मामीटर तिसावरून सुरू झालं होतं. चाळीस झालं, अठ्ठेचाळीस झालं. झाकणाच्या भोकातून बघितलं तर तेलाच्या पृष्ठभागावर नळीच्या वरच्या बाजूला बारीक लाट उठत होती, उन्हात रस्त्यावर हवा थरथरते तशी. तडतड नाही, वास नाही. आतून मात्र मला भीती वाटत होती. चारांतला एक जरी तुटला असता तर काटा उडाला असता आणि त्या तिघांसमोर माझं दुकान संपलं असतं. पंचावन्न झालं. काटा पंचेचाळिसावरून हलला नव्हता.

काकूंना कंटाळा आला. त्यांनी दोनदा बाहेर बघितलं, एकदा जांभई दिली, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मायबाई, मले सैपाक हाये. सुरू कधी करशीन तुहं मशीन?"

"अर्धा तास होऊन राहिला, काकू. सुरूच हाये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गुरुजींकडे. गुरुजींनी मान हलवली. काकू उठून डब्याजवळ आल्या, खाली वाकून विटांच्या आजूबाजूची फरशी बघितली, बोट फिरवलं, बोटाला नाकाशी धरलं. काही नव्हतं.

मी संच बंद केला. मांडववाल्याने संच उचलून रिक्षात ठेवला, पण जाताना पुन्हा म्हणाला, बंद पडला तर? मी म्हटलं, बंद पडला तर इथे परत आणा, सगळ्या गल्लीसमोर मला सांगा, मी माझ्या हाताने पाटी उतरवीन. हे मी त्याला सांगितलं, पण बघत होते काकूंकडे. गुरुजींनी तक्रारीचा कागद परत मागितला नाही आणि मीही फाडला नाही. तो ड्रॉवरमध्ये गेला, खाली. मुलगी अभ्यास करते, दुपारी दोन ते चार कर्णे अजिबात जोडू नका, एवढं ते म्हणाले. मी म्हटलं, कर्णे आता जोडायचेच नाहीत.

काकू उंबरा ओलांडून गेल्या आणि पुन्हा मागे आल्या.

"तेल सांडलं तं याद राख."

खोली खाली करण्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. डबा छप्पनवर होता. पुढच्या चाचणीआधी तो गार व्हायला तास-दीड तास लागणार होता. मी झाकण थोडं सरकवलं, थर्मामीटर पुसून ठेवलं आणि रॅकवरचा दुसरा संच टेबलावर घेतला. त्याचे दोन ट्रान्झिस्टर गेले होते.

पोळ्याच्या दिवशी माझं दुकान उघडं होतं.